प्रचारसंदेशाचे वाचन : महाविद्यालयीन अध्यापनातील एक दुर्लक्षित अंग

प्रस्तावना

राज्यघटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे किमान वय २१ वरून १८ वर आले. तेव्हापासून पदवीच्या प्रथम वर्षाच्या वर्गात बसणारा विद्यार्थी एकाच वेळी विद्यार्थी आणि मतदार असतो. या नव्या मतदारापर्यंत पोहोचण्यासाठी निवडणूक आयोगाने २००९ पासून ‘स्वीप’ हा मतदार जागृतीचा कार्यक्रम राबवला. २०१८ च्या राष्ट्रीय मतदार दिनापासून शाळा-महाविद्यालयांत निवडणूक साक्षरता मंडळे स्थापन होऊ लागली. नावनोंदणी कशी करावी, मतदान यंत्र कसे चालते, प्रलोभनाला बळी न पडता मतदान का करावे, हे या उपक्रमांतून सांगितले जाते. हे काम आवश्यकच आहे. मात्र त्याचा मुख्य रोख मतदाराला मतदान केंद्रापर्यंत आणण्यावर असतो. तेथे येण्यापूर्वी ज्या शेकडो वाक्यांनी, चित्रांनी आणि घोषणांनी त्याचे मत घडवलेले असते ती वाचावीत कशी, हा प्रश्न त्या उपक्रमांतही आणि वर्गातही क्वचितच उपस्थित होतो.

तो उपस्थित झालाच तर ‘खोटी बातमी ओळखा’ एवढ्यावर येऊन थांबतो. प्रचारातील दोष म्हणजे असत्य आणि त्यावरील उपाय म्हणजे तथ्यांची तपासणी, असे त्यामागील गृहीत असते. हे गृहीत अपुरे आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. प्रभावी प्रचारसंदेश पुष्कळदा असत्य विधान करीतच नाही. तो वाक्यात रिकामी जागा ठेवतो आणि ती जागा श्रोत्याकडून भरवून घेतो. ही रिकामी जागा दाखवून देणारी साधने मराठीच्या, संस्कृतच्या आणि तर्कशास्त्राच्या वर्गात पूर्वीपासून उपलब्ध आहेत. परंतु ती कवितेसाठी आणि परीक्षेतील दहा गुणांसाठी राखून ठेवलेली आहेत.

तथ्यतपासणीचे बळ आणि मर्यादा

तथ्यतपासणीचे महत्त्व प्रथम मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्र्यू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात इतिहासाचे अभ्यासक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस अशा ४५ व्यक्तींच्या वाचनपद्धतीची तुलना केली होती. विद्वान अभ्यासक आणि हुशार विद्यार्थीही संकेतस्थळाच्या देखण्या मांडणीला फसले. तथ्यतपासनीस मात्र समोरचे पान फार वेळ न वाचता त्यातून बाहेर पडले आणि त्या पानामागे कोण आहे याची इतरत्र चौकशी करू लागले. मजकूर बारकाईने वाचण्याआधी त्याचा उगम शोधावा, हा धडा महाविद्यालयीन शिक्षकांनाही उपयुक्त आहे.

२०२० च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत मनोज तिवारी यांच्या एका चित्रफितीची संगणकाच्या साहाय्याने निराळ्या भाषेतील आवृत्ती तयार करण्यात आली आणि ती त्यांच्याच पक्षाने प्रसृत केली. बोलणारा चेहरा त्यांचाच होता. परंतु ती भाषा त्या वेळी त्यांच्या मुखातून बाहेर पडलेली नव्हती. मे २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने अशी बनावट सामग्री निदर्शनास आल्यापासून तीन तासांच्या आत काढून टाकण्याची सूचना राजकीय पक्षांना दिली. अशा सामग्रीसंबंधी विद्यार्थ्याला तांत्रिक सावधगिरी शिकवणे अगत्याचे आहे.

तथापि घोषणेची तथ्यतपासणी करता येत नाही. ‘गरिबी हटाओ’ हे वाक्य खरेही नाही आणि खोटेही नाही; ते आज्ञार्थी आहे. प्रश्न, आज्ञा, इच्छा आणि उद्गार या वाक्यप्रकारांना सत्यासत्यतेची कसोटी लागू पडत नाही, हे व्याकरणाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला समजावून सांगता येते. प्रचाराची भाषा नेमकी याच वाक्यप्रकारांत वावरते. कायद्याची मर्यादाही अशीच आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार खोटे विधान हा भ्रष्ट आचार ठरतो तो मुख्यतः उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी केलेल्या विधानाच्या संदर्भात. धोरणाविषयीच्या अतिशयोक्तीला किंवा मोघम आश्वासनाला हे कलम स्पर्श करीत नाही. तेथे मतदाराचे वाचन हाच एकमेव अंकुश उरतो.

प्रचाराचे विश्लेषण शिकवण्याचा एक मोठा प्रयत्न यापूर्वी झालेला आहे. १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे क्लाइड मिलर यांच्या पुढाकाराने प्रचार-विश्लेषण संस्था स्थापन झाली. या संस्थेने प्रचाराची सात तंत्रे निश्चित केली : नावे ठेवणे, चकाकते मोघम शब्द वापरणे, एका गोष्टीची प्रतिष्ठा दुसरीला चिकटवणे, नामवंतांची साक्ष काढणे, ‘आम्हीही तुमच्यासारखेच साधे’ असे भासवणे, सोयीचे तेवढे पुढे करणे आणि ‘सगळेच आमच्या बाजूने आहेत’ असे सांगणे. ही यादी अनेक शाळा-महाविद्यालयांत शिकवली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, संस्थेचे काम थांबले. यादी मात्र पाठ्यपुस्तकांत टिकून राहिली. तिच्यातील उणीव अध्यापनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तंत्राला नाव दिले की विश्लेषण पूर्ण झाले, असा समज विद्यार्थी करून घेतो. शिवाय ही तंत्रे चांगल्या हेतूच्या भाषणातही आढळतात. त्यामुळे ‘सगळेच फसवतात’ हा निष्कर्ष हाती येतो आणि विचार तेथेच संपतो. सर्वांवर सारखाच अविश्वास ठेवणारा विद्यार्थी सर्वांवर सारखाच विश्वास ठेवणाऱ्याइतकाच विचाराचे कष्ट टाळतो.

हाताशी असलेली साधने

गोपाळ गणेश आगरकर यांचे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक १८८८ मध्ये प्रकाशित झाले. ‘सुधारक’ हे पत्रही त्यांनी त्याच वर्षी सुरू केले. बुद्धिप्रामाण्याचा पुरस्कार करणाऱ्या विचारवंताने वाक्यातील कर्ता, कर्म आणि क्रियापद वेगळे करून दाखवण्याचे काम महत्त्वाचे मानले, ही बाब अर्थपूर्ण आहे. वाक्यपृथक्करण शाळेत शिकवले जाते आणि तेथेच विसरले जाते. प्रचारसंदेशासमोर ठेवल्यास तेच पहिले साधन ठरते. वाक्यात कर्ता आहे काय, क्रियापदाचा काळ आणि अर्थ कोणता, काम किती आणि केव्हापर्यंत होणार याचा उल्लेख आहे काय, एवढे विचारले तरी संदेशातील रिकाम्या जागा दिसू लागतात.

दुसरे साधन शब्दशक्तीविचाराचे. अभिधेने कळणारा वाच्यार्थ, लक्षणेने कळणारा लक्ष्यार्थ आणि व्यंजनेने सूचित होणारा व्यंग्यार्थ हे त्रिविध विवेचन मराठीच्या पदवी वर्गाला अपरिचित नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्याचे मर्म ध्वनीत असल्याचे प्रतिपादन केले. पुढे मम्मटाने व्यंग्यार्थ कशाच्या आधारे निश्चित होतो याची गणना केली. वक्ता कोण, श्रोता कोण, स्वराचा हेल कसा, प्रसंग कोणता, देश आणि काळ कोणता, ही ती गणना आहे. प्रचारसभेतील वाक्याचा अर्थ ठरवताना याहून वेगळे निकष लागत नाहीत. या गणनेचा आणखी एक उपयोग आहे. व्यंग्यार्थ सांगणाऱ्याने त्याचा आधार दाखवला पाहिजे, असे बंधन तिच्यामुळे पडते. नावडत्या पक्षाच्या प्रत्येक वाक्यात छुपा हेतू शोधणाऱ्या अतिउत्साही विद्यार्थ्याला, आणि शिक्षकालाही, ते आवर घालते.

तिसरे साधन न्यायदर्शनातील आहे. वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार तेथे सांगितले आहेत. सत्यनिर्णयासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष खोडून काढणे ही वितंडा. छलाचेही तीन प्रकार दिले आहेत. त्यांपैकी उपचारछल म्हणजे लाक्षणिक अर्थाने वापरलेला शब्द वाच्यार्थाने घेऊन प्रतिपक्षाला खोटे पाडणे. प्रतिस्पर्ध्याच्या भाषणातील रूपकात्मक वाक्य कापून, आगेमागे काही न ठेवता भ्रमणध्वनीवर पाठवले जाते, तेव्हा घडतो तो उपचारछलच होय. प्रकार जुना आहे, केवळ माध्यम नवे आहे.

चार घोषणांचे वाचन

ही साधने वापरून वेगवेगळ्या काळातील आणि वेगवेगळ्या पक्षांच्या घोषणा वाचता येतात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा १९५७ च्या निवडणुकीच्या प्रचाराच्या केंद्रस्थानी होती. तिच्यात कर्त्याचा निर्देश नाही. हे राज्य कोणी निर्माण करावयाचे, ते वाक्य सांगत नाही. परंतु मागणी स्पष्ट आहे. ‘मुंबईसह’ या एका शब्दाने तडजोडीची वाट बंद केली आहे आणि ‘झालाच’ मधील ‘च’ने आग्रह व्यक्त केला आहे. मुख्य म्हणजे मागणी पूर्ण झाली की नाही, हे नकाशा पाहून सांगता येते. १ मे १९६० रोजी मुंबईसह राज्य स्थापन झाले. बेळगाव-कारवारचा भाग त्याबाहेर राहिला. भावनेने ओथंबलेली घोषणाही पडताळून पाहता येण्याजोगी असू शकते, हे या उदाहरणातून विद्यार्थ्याला दाखवता येते. भावना आणि विवेक यांना परस्परविरोधी समजण्याची चूक त्यामुळे टळते.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत विरोधी आघाडीची घोषणा ‘इंदिरा हटाओ’ अशी होती. तिला उत्तर म्हणून ‘गरिबी हटाओ’ ही घोषणा पुढे आली आणि इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसने ३५२ जागा मिळवल्या. क्रियापद तेच ठेवून कर्म बदलण्यात या उत्तराचे सर्व सामर्थ्य आहे. विरोधकांची घोषणा, घोषणेपुरती पाहिली तर, वितंडेच्या जवळ जाते. काय घालवायचे ते ती सांगते, काय आणायचे ते सांगत नाही. ‘गरिबी हटाओ’ने आपला पक्ष मांडला, परंतु तिच्याही वाक्यरचनेत मोठी पोकळी आहे. ‘हटाओ’ ही आज्ञा कोणाला उद्देशून आहे? गरिबी हटवण्याची जबाबदारी शासनाची असताना आज्ञार्थी क्रियापद श्रोत्याला उद्देशून येते. सत्ताधारी पक्ष मागणी करणाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो आणि मागणी कोणाकडे केली जात आहे, याचा विसर पडतो. कालमर्यादा आणि मोजमाप यांचाही त्यात निर्देश नाही.

२००४ च्या निवडणुकीपूर्वीची ‘इंडिया शायनिंग’, हिंदीत ‘भारत उदय’, ही मोहीम मुळात शासकीय जाहिरातींच्या रूपाने आली आणि पुढे सत्ताधारी पक्षाच्या प्रचाराचा भाग बनली. तिच्यात ‘इंडिया’ हा शब्द संपूर्ण देशासाठी योजला आहे. झळाळी कोणत्या भागाची, कोणत्या वर्गाची, हा प्रश्न संपूर्णाचे नाव घेतल्याने झाकला जातो. अंशाच्या अनुभवाला पूर्णाचे नाव देण्याची ही लक्षणा होय. काँग्रेसने ‘आम आदमी को क्या मिला?’ असा प्रतिप्रश्न केला आणि वाक्याच्या केंद्रस्थानी देशाऐवजी सामान्य माणूस आणला. वाचन म्हणून हा प्रतिप्रश्न मार्मिक होता. तथापि त्याचे क्रियापदही तपासले पाहिजे. ‘मिला’ या शब्दाने नागरिक घेणाऱ्याच्या भूमिकेत राहतो; देणारा कोण आणि किती देणार, हे येथेही अनुक्त राहते. त्या निवडणुकीत सत्तांतर झाले म्हणून एका घोषणेने सरकार पडले असे अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरेल. काँग्रेसच्या १४५ आणि भारतीय जनता पक्षाच्या १३८ जागांमध्ये राज्याराज्यांतील आघाड्या आणि स्थानिक कारणेही सामावलेली होती. घोषणेचा अर्थ आणि घोषणेचा परिणाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे भान समीक्षेने राखले पाहिजे.

महाराष्ट्राच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या जाहिरातींतून ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ हा प्रश्न घरोघरी पोहोचला. येथेही कर्ता वगळलेला आहे; पंधरा वर्षांची आघाडी सत्तेवर असल्याने श्रोता तो आपोआप भरतो. ‘नेऊन ठेवलाय’ या संयुक्त क्रियापदाने एक गृहीतही स्वीकारायला लावले आहे : महाराष्ट्र पूर्वी चांगल्या ठिकाणी होता आणि कोणीतरी त्याला तेथून हलवले. प्रश्नाचे उत्तर शोधू लागताच हे गृहीत मान्य झालेले असते. ‘महाराष्ट्र माझा’ ही उलट्या क्रमाची शब्दजोडी राजा बढे यांच्या गीताने मराठी मनात रुजवलेली आहे. तेच गीत २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले. गीताच्या स्मरणाने जागा झालेला अभिमान प्रश्नातील तक्रारीला आपोआप जोडला जातो. पुढील काळात हाच प्रश्न विरोधकांनी सत्तेवर आलेल्या पक्षाला उद्देशून वारंवार विचारला. वाक्यातील एक शब्दही न बदलता ते उलटवता आले, कारण त्यात पडताळून पाहण्याजोगा एकही तपशील नव्हता. अशी अदलाबदल करून पाहणे हीच एक सोपी कसोटी आहे. वाक्य प्रतिस्पर्ध्याच्या तोंडी जसेच्या तसे शोभत असेल, तर त्यात धोरण नाही.

नात्याचे रूपक आणि आकड्यांचा हिशेब

२०२४ मधील महाराष्ट्रातील प्रचार या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेतून पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देण्यास त्या वर्षी प्रारंभ झाला. निवडणुकीत महायुतीने ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे, तर महाविकास आघाडीने ‘महालक्ष्मी’ या नावाने ३,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले. गरजू स्त्रीच्या खात्यात थेट जमा होणाऱ्या रकमेचे मोल कोणत्याही समीक्षेने कमी लेखू नये. घरखर्चात ज्या स्त्रीचा शब्द चालत नाही, तिच्यासाठी स्वतःच्या नावावरची लहान रक्कमही मोठी असते. येथे प्रश्न नामकरणाचा आहे. बहीण म्हटले की भाऊ येतो, भाऊ आला की ओवाळणी येते. ओवाळणी प्रेमाने दिली जाते. तिचा हिशेब मागणे मराठी घरात शोभत नाही. सार्वजनिक तिजोरीतून होणारा खर्च या नात्याच्या चौकटीत बसवला की हक्क मागणारी नागरिक मागे पडते आणि लाडाची बहीण पुढे येते. दुसऱ्या बाजूचे नावही याला अपवाद नाही. स्त्रीला लक्ष्मी म्हणून गौरवणारी भाषा तिला देव्हाऱ्यात बसवते, चर्चेत बसवत नाही.

रूपक बाजूला ठेवले की आकडेमोड करता येते आणि ती वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यानेच करावी असे नाही. लाभार्थी केवळ दोन कोटी धरले तरी दरमहा १,५०० रुपयांप्रमाणे वर्षाला ३६,००० कोटी रुपये लागतात. २,१०० रुपयांप्रमाणे ५०,४०० कोटी आणि ३,००० रुपयांप्रमाणे ७२,००० कोटी. यानंतरचा प्रश्न निधी कोठून येणार हा. या प्रश्नाला संस्थात्मक आधार आहे. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जाहीरनाम्यातील आश्वासने हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरत नाही असा निर्णय दिला. त्याच वेळी जाहीरनाम्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास निवडणूक आयोगाला सांगितले. त्यानुसार २०१४ मध्ये आचारसंहितेत भर पडली. आश्वासनामागील कारणमीमांसा आणि त्यासाठी लागणारा पैसा उभारण्याचे मार्ग जाहीरनाम्यात स्थूलमानाने सांगावेत, अशी अपेक्षा तीत आहे. विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंचे जाहीरनामे समोर ठेवून ही अपेक्षा कोठे व कितपत पूर्ण झाली आहे, एवढेच शोधावे. हा अभ्यास कोणत्याही पक्षाच्या विरोधात जात नाही आणि तरीही तो पूर्णतः राजकीय शिक्षण आहे.

न्यायालयासमोरील अर्थनिर्णय

शब्दांचा असा कीस काढणे हा केवळ भाषाशिक्षकांचा छंद आहे, असे वाटत असल्यास न्यायालयीन निर्णय पाहावेत. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील दोन निवडणूक खटल्यांचे निकाल दिले. विलेपार्ले मतदारसंघातील १९८७ च्या पोटनिवडणुकीत बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांत धर्माच्या आधारे मतांचे आवाहन असल्याचा निष्कर्ष कायम राहिला आणि रमेश प्रभू यांची निवड रद्दच राहिली. मनोहर जोशी यांच्या १९९० च्या निवडणुकीसंबंधीच्या खटल्यात मात्र, पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, या आशयाचे विधान हे स्वतः धर्माच्या आधारे केलेले मतांचे आवाहन ठरत नाही, ती फार तर एक आशा आहे, असे न्यायालयाने मानले. आवाहन आणि आशा यांतील सीमारेषा वाक्याच्या रूपावर ठरवावी की प्रसंग, वक्ता आणि श्रोता पाहून ठरवावी, हा मम्मटाच्या परंपरेतील प्रश्नच येथे न्यायासनासमोर आला होता. या निर्णयावर पुढे पुष्कळ टीका झाली. ती टीकाही प्रामुख्याने अर्थनिर्णयाच्या पद्धतीवर होती.

मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंह खटल्याचा मूलभूत प्रश्न तर एका सर्वनामाचा होता. कलम १२३(३) मधील ‘त्याच्या धर्माच्या’ आधारे आवाहन यातील ‘त्याच्या’ म्हणजे केवळ उमेदवाराच्या की मतदाराच्याही? २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने मतदाराचाही त्यात समावेश होतो, असा अर्थ लावला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयातील सात न्यायमूर्तींचे एका सर्वनामावर मतभेद होऊ शकतात, हे समजलेला विद्यार्थी सर्वनामांकडे पुन्हा दुर्लक्ष करणार नाही. प्रचारातील ‘आपण’, ‘ते’ आणि ‘आपले’ या शब्दांत कोण आत येते आणि कोण बाहेर राहते, हे तो विचारू लागेल.

वर्गातील पद्धती आणि अडचणी

यासाठी स्वतंत्र विषयपत्रिकेची आवश्यकता नाही. मराठी, राज्यशास्त्र, तर्कशास्त्र, वाणिज्य किंवा जनसंज्ञापन यांपैकी कोणत्याही विषयाच्या दोन तासिकांत पुढील क्रम बसू शकतो. संदेश प्रथम जसाच्या तसा लिहून घ्यावा. त्यानंतर त्याचे वाक्यपृथक्करण करून कर्ता, काळ, प्रमाण आणि मुदत यांपैकी काय अनुपस्थित आहे ते नोंदवावे. मग व्यंग्यार्थ सांगावा आणि त्याचा आधार दाखवावा. चौथ्या पायरीवर संदेश वाद, जल्प व वितंडा यांपैकी कोणत्या वळणाचा आहे ते ठरवावे. शेवटी संदेशाच्या बाहेर पडून जाहीरनामा, अर्थसंकल्प, उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र यांसारखी साधने पाहावीत आणि संदेशकर्त्याला विचारता येईल असा एकच नेमका प्रश्न तयार करावा. मूल्यमापन त्या प्रश्नाचे व्हावे. विद्यार्थी कोणत्या पक्षाच्या बाजूने आहे, याचा गुणांशी संबंध नसावा.

या पद्धतीचा कस आवडत्या पक्षाच्या संदेशावर लागतो. प्रतिपक्षाच्या घोषणेतील पोकळी शोधण्यास शिक्षणाची आवश्यकता नसते. ते काम पूर्वग्रहच चोख करतो. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एक विश्लेषण स्वतःला पटणाऱ्या संदेशाचे करावे आणि नावडत्या संदेशाचा आशय, तो मानणाऱ्यालाही मान्य होईल अशा शब्दांत लिहून दाखवावा. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड असते. विरोधकाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडता येणे ही वादाची पहिली अट आहे.

शिक्षकासमोरील अडचणी वास्तव आहेत. अनुदानित महाविद्यालयातील शिक्षकाला निवडणुकीचे काम करावे लागते, त्याच्या निःपक्षपातीपणाकडे सर्वांचे लक्ष असते आणि वर्गातील एखादे वाक्य ध्वनिमुद्रित होऊन गावभर फिरू शकते. त्यामुळे विषयच टाळण्याकडे कल होतो. यावर दोन व्यावहारिक उपाय संभवतात. एक म्हणजे उदाहरणे नेहमी जोडीने घ्यावीत : एकाच निवडणुकीतील परस्परविरोधी पक्षांचे संदेश. दुसरा म्हणजे आचारसंहितेच्या काळात चालू प्रचाराऐवजी मागील निवडणुकांतील सामग्री वापरावी. पद्धत जुन्या उदाहरणावर शिकलेला विद्यार्थी नव्या उदाहरणावर ती स्वतः वापरतोच.

दुसरी अडचण घरातील आहे. आज प्रचारसंदेश पुष्कळदा पक्षाकडून येत नाही. तो काकांकडून, मामांकडून, गावच्या गटातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून येतो. संदेशावर शंका घेणे म्हणजे पाठवणाऱ्याचा अवमान, असे समीकरण त्यामुळे तयार होते आणि विद्यार्थी एक तर गप्प राहतो किंवा उद्धट ठरतो. ‘हे खोटे आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘काका, हे मूळ कोणी लिहिले आहे? यातला आकडा कोणत्या वर्षाचा आहे?’ असे विचारण्याची रीत शिकवता आली तर नातेही टिकते आणि प्रश्नही टिकतो. नम्रता आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, हा या अध्यापनाचा कदाचित सर्वांत उपयुक्त धडा ठरेल.

समारोप

काव्यशास्त्राने सहृदय वाचकाचा आदर्श मांडला. तो शब्दाला प्रतिसाद देतो, त्यात रमतो. प्रचारालाही असाच प्रतिसाद देणारा श्रोता हवा असतो. मात्र त्याने प्रतिसादापाशीच थांबावे अशी त्याची अपेक्षा असते. महाविद्यालयाचे काम विद्यार्थ्याची सहृदयता नष्ट करण्याचे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेने भारावून न जाणारा तरुण घडवणे हे कोणत्याही शिक्षणाचे उद्दिष्ट असू शकत नाही. भारावल्यानंतरही वाक्यातील कर्ता शोधण्याची सवय मात्र शिक्षणानेच लागते.

ही सवय लागली नाही तर तिची किंमत एका निवडणुकीपुरती राहत नाही. रिकाम्या जागा असलेली वाक्ये मते मिळवून देतात असा अनुभव आला की पक्ष तशीच वाक्ये पुन्हा योजतात, आणि नेमके आश्वासन देणारा पक्ष अडचणीत येतो. कारण नेमके आश्वासन मोजता येते आणि मोडल्यास सिद्ध करता येते. मतदार जसे वाचतो तशीच वाक्ये त्याच्यासाठी लिहिली जातात. प्रचाराची भाषा सुधारण्याची सुरुवात त्यामुळे वाचकापासून करावी लागेल, आणि असा वाचक दरवर्षी जून-जुलैमध्ये महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या वर्गात येऊन बसत असतो.